हिपॅटायटिसच्या ओपीडीत सिस्टरचं काम नेमकं काय असतं

औषधापुरतं बोलायचं तर हिपॅटायटिस ‘सी’ (विषाणूमुळे येणारी लिव्हरची सूज) बरा करणं आज सोपं झालंय. सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, १२ आठवडे. शंभरातले ९५ हून जास्त पेशंट यात पूर्ण बरे होतात. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यामुळे सरकारी केंद्रात तपासणी फुकट आणि गोळ्याही फुकट. इंटरफेरॉन या जुन्या इंजेक्शनच्या काळातली दर आठवड्याची सुई, ताप, गळणारे केस आणि उतरलेला चेहरा ज्यांनी पाहिलाय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

तरीही पेशंट गळतात. गोळी लागू पडली नाही म्हणून गळणारे मोजकेच. बाकीचे एकतर गोळीपर्यंत पोचत नाहीत, नाहीतर गोळ्या संपल्यावर पुन्हा तोंड दाखवत नाहीत. या ओपीडीतल्या सिस्टरचं निम्म्याहून जास्त काम गोळीच्या अलीकडचं आणि पलीकडचं असतं.

पहिली गळती कागदावरच होते. रक्तदान शिबिर, डायलिसिस युनिट, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची तपासणी, कुठूनतरी ‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ (‘सी’विरुद्धची अँटीबॉडी सापडली) असा रिपोर्ट हातात पडतो आणि माणूस ‘मला सी झालाय’ असं धरून बसतो, किंवा ‘मला काहीच होत नाही’ म्हणून तो कागद गादीखाली ठेवतो. अँटीबॉडीचा अर्थ एवढाच, की विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला. १५ ते ४५ टक्के लोकांत तो पहिल्या सहा महिन्यांत आपणहून निघून जातो, अँटीबॉडी मात्र मागे राहते. विषाणू आत्ता आहे की नाही हे आरएनए चाचणी, म्हणजे व्हायरल लोड सांगतो. तो होईपर्यंत गोळी सुरू करायची नाही आणि पेशंटला ‘तुम्हाला आजार आहे’ असंही सांगायचं नाही.

म्हणून पेशंट पहिल्यांदा समोर आला की रक्त त्याच दिवशी काढायचं. व्हायरल लोडला उपाशीपोटी यावं लागत नाही. लिव्हरच्या तपासण्या आणि सीबीसीलाही (रक्तपेशींची मोजणी) नाही. ‘उद्या उपाशी या’ म्हटलं की तालुक्याहून आलेला माणूस उद्या येत नाही. त्याचा एक रोज बुडालेला असतो, दुसरा तो बुडवणार नाही.

रक्त काढण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुढच्या निम्म्या चुका इथे जन्मतात. ट्यूबचा क्रम ठरलेला: आधी निळ्या झाकणाची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या पीटी-आयएनआरसाठी), मग लाल किंवा पिवळी (एलएफटी म्हणजे लिव्हरच्या तपासण्या, क्रिएटिनिन म्हणजे किडनीची), शेवटी जांभळी (सीबीसी आणि व्हायरल लोड). हिरवी ट्यूब व्हायरल लोडला चालत नाही, तिच्यातलं हेपॅरिन त्या चाचणीची पीसीआर प्रक्रिया अडवतं. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. तिच्यात रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटचं प्रमाण एकास नऊ भाग रक्त असं ठरलेलं असतं. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटा वाढून येतो. मग चांगल्या लिव्हरचा माणूस कागदावर बिघडलेला दिसतो आणि उगाच मोठ्या सेंटरला पाठवला जातो.

दुसरी गोष्ट हिमोलिसिसची. सिरिंजने रक्त काढून ते सुईतूनच जोर लावून ट्यूबमध्ये ढकललं की तांबड्या पेशी फुटतात. एएसटी हे एन्झाइम लिव्हरमध्ये असतं तसं तांबड्या पेशींतही असतं. पेशी फुटल्या की एएसटी वाढतं, आणि आपला पुढचा सगळा हिशेब एएसटीवर उभा असतो. जांभळी ट्यूब भरली की आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायची, खळखळून हलवायची नाही. व्हायरल लोडसाठीचा प्लाझ्मा सहा तासांच्या आत वेगळा करून थंड डब्यात ठेवायचा, हा नियम पाळावा. दुपारी चारला गोळा केलेली ट्यूब रात्रभर टेबलावर राहिली तर विषाणू थोडा असलेल्या पेशंटचा रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. जिथे गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट किंवा जीनएक्सपर्टचं यंत्र आहे, तिथे नमुना बाहेर पाठवण्याची कटकट वाचते आणि रिपोर्ट त्याच दिवशी हातात येऊ शकतो.

आरएनए पॉझिटिव्ह आला की पुढचा प्रश्न सिरॉसिसचा, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालंय का याचा. लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन सगळीकडे नसतो, आणि त्याच्यासाठी उपचार अडवून ठेवायची गरजही नसते. दोन गणितं पुरतात. एपीआरआय म्हणजे पेशंटचं एएसटी भागिले एएसटीची वरची सामान्य मर्यादा, त्याला प्लेटलेटने भागायचं आणि १०० ने गुणायचं. एफआयबी-४ म्हणजे वय गुणिले एएसटी, आणि त्याला प्लेटलेट व एएलटीचं (लिव्हरचं दुसरं एन्झाइम) वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. समजा वय ६०, एएसटी १००, मर्यादा ४०, एएलटी ६४, प्लेटलेट एक लाख. एपीआरआय आला २.५ आणि एफआयबी-४ आला ७.५. पहिला २ च्या वर, दुसरा ३.२५ च्या वर, म्हणजे सिरॉसिस धरून चालायचं. यात नेहमीचा घोटाळा प्लेटलेटचा. सूत्रात हजारांचा आकडा जातो. एक लाख म्हणजे १००, दीड लाख म्हणजे १५०. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये कुणी ‘१.५’ टाकलं की सगळ्या गावाला सिरॉसिस होतो.

प्लेटलेट अचानक फार कमी दिसले आणि पेशंट मात्र ठणठणीत असेल तर लॅबला फोन करून स्लाइड बघायला सांगायचं. काहींच्या रक्तात जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे प्लेटलेटचे पुंजके होतात, मशीन ते मोजत नाही. नव्याने रक्त काढून निळ्या ट्यूबमध्ये पाठवलं की खरा आकडा कळतो.

सिरॉसिस नसेल तर वर सांगितलेली जोडी. सिरॉसिस आहे पण पोटात पाणी, भ्रम, कावीळ असं काही नाही, तर डॅक्लाटासविरऐवजी वेल्पाटासविर १०० मिलिग्रॅम, १२ आठवडे. लिव्हर बिघडलेलं असेल तर त्यात रायबाविरिन मिळवायचं किंवा तीच जोडी २४ आठवडे द्यायची, पण हा निर्णय मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांचा. आमच्याकडे रायबाविरिनची दोनच कामं: हिमोग्लोबिनवर नजर ठेवणं, आणि पेशंट बाई असो वा पुरुष, औषध चालू असताना आणि संपल्यावर सहा महिने गर्भ राहणार नाही याची खात्री करणं. हे बोलणं अवघड जातं म्हणून टाळू नये.

सुरू करण्याआधी एचबीएसएजी (हिपॅटायटिस ‘बी’ची तपासणी) तपासलेलं नसेल तर थांबायचं. ‘सी’चा विषाणू गेला की दबून बसलेला ‘बी’ उसळी मारू शकतो, आणि ती उसळी जिवावर बेतू शकते. दोन्ही असतील तर टेनोफोविरचं (‘बी’वरचं औषध) आधी ठरवायचं.

मग पिशवी. प्रत्येकाला सांगायचं, ‘काका, घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी पिशवीत घालून आणा, चूर्ण आणि काढेसुद्धा.’ नुसतं ‘कोणती औषधं चालू आहेत?’ विचारलं तर ‘बीपीची एक’ एवढंच उत्तर मिळतं. पिशवी टेबलावर उपडी केली की आठ वस्तू निघतात. त्यातली फिटची गोळी (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) असेल तर ती लिव्हरकडून या औषधांचा निचरा इतक्या वेगाने करवते की रक्तात काही उरत नाही. टीबीचं रिफाम्पिसिनही तसंच. टीबीचा कोर्स आधी संपवायचा, ‘सी’ सहसा तेवढा थांबतो. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुविरबरोबर नाडी धोकादायक मंदावू शकते; हे औषध पिशवीत दिसलं की पेशंटला खुर्चीवरून उठू न देता डॉक्टरांना हाक मारायची.

सगळ्यात जास्त वेळा सापडते ती ‘गॅसची गोळी’. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल ही आपल्याकडे सकाळच्या चहाइतकी रुळलेली आहेत, आणि ती कुणी औषधात मोजतच नाही. डॅक्लाटासविरला त्यांची फार फिकीर नाही. वेल्पाटासविर मात्र पोटात आम्ल कमी झालं की नीट विरघळत नाही. बंद करता आली तर १२ आठवडे बंद. नाहीच जमलं तर वेल्पाटासविर जेवणासोबत आणि ओमेप्रॅझोल २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, तेही चार तासांनंतर. साध्या अँटासिडच्या पातळ औषधातही चार तासांचं अंतर.

मधुमेहींना एक जादा सूचना: विषाणू जायला लागला की साखर सुधारते, आणि जुन्याच डोसावर ती खाली जाऊ शकते. पहिल्या महिन्यात घाम, थरथर, अचानक भूक असं झालं तर साखर तपासायची. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांचा आयएनआर याच कारणाने हलतो.

गोळ्या एका वेळी २८ दिवसांच्या देतात. तीन वेळा मिळून ८४ दिवस. दुसऱ्या वेळी येताना रिकामी बाटली किंवा उरलेल्या गोळ्या आणायला सांगायच्या आणि समोर मोजायच्या. ‘रोज घेतो’ यावर अविश्वास नाही, पण बाटलीत सहा उरल्या असतील तर त्या का उरल्या हे तिथेच कळतं: लग्नाला गेलो होतो, डोकं दुखलं म्हणून दोन दिवस सोडली, शेजाऱ्याने सांगितलं उष्ण पडते. डोकेदुखी, थकवा, थोडी मळमळ होते, पण औषध थांबवण्याइतकी क्वचितच. वेल्पाटासविरची गोळी चुकली आणि १८ तासांच्या आत आठवण झाली तर लगेच घ्यायची, त्यानंतर असेल तर ती सोडून दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी. दोन एकदम कधीही नाहीत. घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यायची.

तारखांचं गणित महाराष्ट्रात वेगळं करावं लागतं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडतं आणि वसंत सरता सरता परततं. ‘सी’चा उपचार १२ आठवडे आणि बरा झाला हे सांगणारी चाचणी त्यानंतर १२ आठवड्यांनी, म्हणजे एकूण २४ आठवडे. १ एप्रिलला पहिली गोळी घेतली तर कोर्स जूनच्या २३ तारखेला संपतो आणि शेवटची चाचणी सप्टेंबरच्या मध्यात येते, टोळी निघण्याच्या आत. तोच माणूस जूनअखेर सुरू झाला तर चाचणीच्या वेळी तो कुठल्या कारखान्याच्या फडात असेल ते त्यालाही ठाऊक नसतं. उशिरा आलेल्याला परत पाठवायचं असं नाही. त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्राच्या नावाने पत्र आणि कोर्सचा तपशील लिहून द्यायचा. मोबाइल नंबर दोन घ्यावेत, त्यातला एक गावात राहणाऱ्याचा. प्रीपेड नंबर सहा महिने टिकेलच असं नाही.

ही शेवटची चाचणी, एसव्हीआर-१२, सगळ्यात जास्त चुकते. ‘सिस्टर, मला आता बरं वाटतंय, परत कशाला येऊ?’ याला उत्तर एकच: बरं तर तुम्हाला आधीही वाटत होतं. कोर्स संपल्याच्या दिवशी आरएनए सापडला नाही याला फारसा अर्थ नाही. औषध निघून गेल्यावर १२ आठवड्यांनीही सापडला नाही तर बरा झाला म्हणायचं. इथे अँटीबॉडी पुन्हा तपासू नये. ती आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते.

म्हणून बरं झालेल्याच्या हातात एक पत्र द्यायलाच हवं: औषधांची नावं, सुरुवात आणि शेवटाची तारीख, एसव्हीआर-१२ ची तारीख, ‘आरएनए आढळला नाही’ असा निकाल, आणि खाली ठळक ओळ, ‘अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह राहील, गरज पडल्यास फक्त आरएनए करावा.’ पाच वर्षांनी हर्नियाच्या ऑपरेशनआधी याच माणसाची अँटीबॉडी तपासली जाणार आणि पुन्हा धावपळ होणार, ती या कागदाने वाचते. मात्र अँटीबॉडी आहे म्हणून संरक्षण आहे असं नाही. सुई, वस्तरा, टॅटूची सुई यांतून ‘सी’ पुन्हा होऊ शकतो. आणि ज्याला सिरॉसिस होता त्याला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच. विषाणू गेला तरी कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. या लोकांची वेगळी वही हवी, कारण ते स्वतःला बरे समजतात आणि त्यांचं तसं समजणं अर्धं बरोबरही असतं.

‘बी’ची गोष्ट निराळी. तिथे बहुतेकांना संपणारा कोर्स नाही. एचबीएसएजी सहा महिन्यांहून जास्त पॉझिटिव्ह असेल तर तो जुनाट ‘बी’. सगळ्यांना गोळी लागत नाही. सिरॉसिस असेल तर लागतेच, नसेल तर डीएनए (रक्तातला ‘बी’चा विषाणू किती ते) आणि एएलटी बघून ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांमध्ये डीएनए २००० आययूच्या वर आणि एएलटी सामान्यपेक्षा जास्त असेल तर उपचार द्यावेत असं आहे. ज्याला आज गोळी नको त्याला ‘तुम्हाला काही नाही, जा’ म्हणून सोडणं ही या ओपीडीतली सगळ्यात महाग चूक. त्याला सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून द्यायची.

गोळी सुरू झाली की टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम रोज, क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून. एंटेकाविर असेल तर उपाशीपोटी, खाण्याच्या आधी आणि नंतर दोन दोन तास मोकळे. यातलं एक वाक्य प्रत्येक भेटीत म्हणायचं: संपली म्हणून बंद करू नका, आधी फोन करा. ‘बी’ची गोळी अचानक थांबली की विषाणू उसळतो आणि सिरॉसिस असलेल्याचं लिव्हर आठवड्यांत कोलमडू शकतं. साठा येणार नसेल तर ते पेशंटला कळण्याआधी आपल्याला कळलं पाहिजे.

घरच्यांची तपासणी आणि लस हे ‘बी’मधलं खरं काम. मोठ्यांना तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, दंडात. कुल्ल्यावर दिली तर नीट लागू पडत नाही. नवरा किंवा बायको पॉझिटिव्ह असेल तर शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेली अँटीबॉडी) बघावं, १० च्या वर हवं. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, सासूबाईंनी ती केली असेल तर त्यांनाच पुढच्या वेळी बोलावून समजवावं. वेगळं हवं ते रेझर, टूथब्रश, नेलकटर आणि साखर तपासायची सुई.

गरोदर बाई पॉझिटिव्ह असेल तर तिचा डीएनए करायचा. २ लाख आययूच्या वर असेल तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोविर. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, जमेल तर १२ तासांतच, एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत ०.५ मिली इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन). पुढचे डोस ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून. आईने दूध पाजावं. घोळ होतो तो इम्युनोग्लोब्युलिनचा: शनिवारी रात्री बाळंतपण झालं आणि कुपी औषधभांडाराच्या कुलुपात. ती आठव्या महिन्यातच नाव घालून लेबर रूमच्या फ्रीजमध्ये ठेवून घ्यावी.

पावसाळ्यात पिवळे डोळे घेऊन येणारे बहुतेक ‘ए’ आणि ‘ई’चे, पाण्यातून आलेले. त्यांना विषाणूवरचं औषध नाही आणि बहुतेकांना लागतही नाही. नेमकं त्यामुळेच कावीळ उतरवणाऱ्यांचं दुकान चालतं. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी कुणाच्याही हाताचं पिवळं होतं. काविळीची माळ डोक्यावरून उतरून पायांपर्यंत वाढते, कारण ओल्या काड्या सुकून आकसतात आणि गाठी सैल पडतात. यात जीव जात नाही. नाकात देवडांगरीचे थेंब घालण्याने मात्र आतली त्वचा सोलवटून पिवळं पाणी वाहतं, ते थांबवावं. पेशंटवर ओरडू नये. ओरडलेला पेशंट पुढच्या वेळी काय घेतलं ते लपवतो, आणि कुठल्या पुडीने एएलटी वाढलं ते शोधणं अवघड होतं. हळद-तेल बंद करून नुसत्या उसाच्या रसावर माणूस ठेवायचीही गरज नाही. घरात शिजलेलं, पचेल ते सगळं द्यावं. घरच्यांना तीन खुणा सांगायच्या: दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, न थांबणारी उलटी. यातली एकही दिसली तर अ‍ॅडमिशन. आणि गरोदर बाईला कावीळ झाली तर खुणांची वाट न पाहता त्याच दिवशी, कारण शेवटच्या तिमाहीत ‘ई’ फार वेगाने बिघडतो.

उरली सुई. पेशंटच्या रक्ताची सुई बोटात गेली तर बोट पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं. लस न घेतलेल्याला ‘बी’ लागण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, ‘सी’ची साधारण २ टक्के किंवा त्याहून कमी, एचआयव्हीची ०.३. ‘बी’साठी लस आणि इम्युनोग्लोब्युलिन आहे, शक्यतो २४ तासांत. ‘सी’साठी असं काही नाही, त्याच दिवशी बेसलाइन रक्त द्यायचं आणि ३ ते ६ आठवड्यांनी आरएनए करायचा, आलाच तर तीच बारा आठवड्यांची गोळी. सुईला टोपण परत लावायचं नाही, हब कटर (सुई कापायचं साधन) आणि सुई आरपार जाणार नाही असा पांढरा डबा हाताच्या अंतरावर असावा. आणि वॉर्डात आया-मावशींची लस झाली आहे का ते बघावं. कचऱ्यातली सुई बहुतेक वेळा त्यांनाच टोचते, आणि लसीच्या यादीत त्यांचीच नावं सुटलेली असतात.